फोटोरेक ७.२: उडालेल्या कार्डातून फोटो उपसणारं फुकटचं हत्यार

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड उडालं की पहिली दहा मिनिटं मोलाची, आणि नेमकी त्याच दहा मिनिटांत सगळी माती होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड एरर’ येतं. माणूस कार्ड काढून पुन्हा घालतो, चालतंय का बघायला दोन फोटो मारतो, मग लॅपटॉपला लावतो. विंडोज विचारतं की वापरण्याआधी ही ड्राइव्ह फॉरमॅट करायला हवी, करू का? आणि घाईत हो म्हटलं जातं. एवढं सगळं करून बसल्यावरही फोटोरेक बरंच काही परत काढून देतं. किती देईल, हे मात्र त्याच्या हुशारीपेक्षा तोवर कार्डावर काय काय लिहिलं गेलं यावर ठरतं.

फोटोरेक हे फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं काम. टेस्टडिस्क, म्हणजे बिघडलेली डिस्क किंवा कार्ड दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, हे त्याचं थोरलं भावंड आणि दोघं एकाच झिप फाइलमध्ये येतात. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आहे, त्यामुळे पैसे नाहीत, नोंदणी नाही, ‘इतके एमबी फुकट, पुढचं विकत’ असली मखलाशी नाही. ७.२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली, त्याआधीची ७.१ ही २०१९ची. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि विंडोजवर इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही; झिप उलगडायची आणि चालवायची. दिसायला मात्र ते गेल्या शतकातलं वाटतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी क्यूफोटोरेक नावाची खिडकीवाली आवृत्ती त्याच झिपमध्ये आहे आणि साध्या कामाला ती पुरते.

ते काय करतं हे कळलं तर त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही हेही कळतं. कार्डावर फोटो असतो एका जागी, आणि तो कुठे आहे याची नोंद असते दुसऱ्या जागी. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डावर ही नोंदवही फॅट३२ पद्धतीची असते, ६४ जीबीपासून पुढे एक्सफॅटची. कॅमेऱ्यात डिलीट मारलं की फक्त नोंदीवर काट बसते. फॅट३२ मध्ये तर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि तिने अडवलेली जागा मोकळी म्हणून मांडली जाते. फॉरमॅट मारला की नोंदवहीच कोरी होते. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून शेत हलत नाही, तसं फोटोचं असतं. तो जागेवरच पडून राहतो, दुसरं काही त्याच्यावर लिहिलं जाईपर्यंत.

फाइली ओळखायला फोटोरेक ही नोंदवही वापरतच नाही. ते कार्ड पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे कार्डावरचा छोटा कप्पा) शेवटपर्यंत वाचत जातं आणि फाइलींच्या खुणा शोधतं. प्रत्येक जेपीजीची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी होते. ती खूण दिसली की फोटो सुरू झाला, शेवटची खूण किंवा पुढच्या फाइलीची सुरुवात दिसली की संपला. अशी ४८०हून जास्त एक्सटेन्शन ते ओळखतं. म्हणूनच नोंदवहीची पार लक्तरं झाली असली तरी त्याचं अडत नाही. पण नोंदवही बघत नाही म्हणजे फाइलचं नाव आणि फोल्डरही त्याला माहीत नाहीत, आणि तुकड्यांत विखुरलेली फाइल जोडायची कशी हेही नाही. त्याची सगळी ताकद आणि सगळी दुखणी इथूनच येतात.

सॉफ्टवेअर चालवण्याआधी कार्डाच्या डाव्या कडेचं ते छोटं बटण खाली, ‘लॉक’कडे सरकवा. मायक्रोएसडी असेल तर ते बटण अडॅप्टरवर असतं. फोटोरेक स्वतः कार्डावर काही लिहीत नाही, पण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिते. विंडोज कार्ड लावल्या लावल्या ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डर टाकतं, मॅक स्पॉटलाइटच्या लपवलेल्या फाइली ठेवतं. आकार फुटकळ असतो, पण त्या बसतात ‘मोकळ्या’ जागेत, आणि ती मोकळी जागा म्हणजे तुमचे फोटो. हे बटण नुसतं यांत्रिक आहे, कार्डाच्या आतल्या चिपला त्याचा पत्ता नसतो. रीडरने ते पाहिलं तरच उपयोग. काही स्वस्त रीडर पाहत नाहीत. म्हणून लॉक लावून कार्डावर नवा फोल्डर करता येतो का, हे रीडरची परीक्षा म्हणून एखाद्या रिकाम्या, चांगल्या कार्डावर आधीच बघून ठेवावं. विंडोजने ‘स्कॅन अँड फिक्स’ सुचवलं तर नाही म्हणायचं. ती दुरुस्ती तुटलेल्या साखळ्या गोळा करून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात सीएचके फाइली टाकते आणि हे सगळं त्याच कार्डावर लिहिते.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी: इमेज. कार्डाची सेक्टर-न्-सेक्टर प्रत काढून हार्ड डिस्कवर एक फाइल करायची आणि पुढची सगळी झटापट त्या फाइलवर करायची. ६४ जीबीच्या कार्डाला ६४ जीबीची इमेज लागते, वर निघालेल्या फोटोंना तेवढीच जागा. म्हणजे सव्वाशे जीबीच्या वर मोकळं हवं. जुन्या यूएसबी २.० रीडरवर सेकंदाला २० एमबीच्या आसपास वाचन होतं, तेव्हा तासभर धरा. चांगल्या यूएसबी ३ रीडरवर सेकंदाला ९० एमबी मिळाले तर १२ मिनिटांत काम होतं. लॅपटॉपचा आतला स्लॉट आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा बरा बाहेरचा रीडर, दोन्ही करून बघावेत. एकावर न दिसणारं कार्ड दुसऱ्यावर दिसतं असं बऱ्याचदा होतं, कारण दोष रीडरच्या पिनांचा असतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने पुसा. खोडरबराने घासू नका.

कार्ड निरोगी असेल, म्हणजे फक्त चुकून फॉरमॅट झालं असेल, तर विंडोजवर विन३२ डिस्क इमेजरही चालतो. त्यात एक खड्डा आहे. ‘रीड’ आणि ‘राइट’ ही बटणं शेजारी शेजारी आहेत आणि ‘राइट’ दाबलं तर इमेज कार्डावर लिहिली जाते. लॉकचं बटण तिथे जीव वाचवतं.

कार्ड आजारी असेल, वाचताना मध्येच थांबत असेल, तर ग्नू डीडीरेस्क्यूच हवं. उबंटू या लिनक्सच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, पेनड्राइव्हवरून ते चालवता येतं. पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’, कमांडचं नाव ‘डीडीरेस्क्यू’, आणि या एका जादा ‘जी’पायी कित्येक जण अडतात. त्याची खुबी अशी की अडलेल्या जागी ते डोकं आपटत बसत नाही. आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अडचणीच्या जागा मॅप फाइलमध्ये टिपून पुढे जातं, आणि मग मागे फिरून त्या जागा कुरतडतं. पहिल्या फेरीला ‘एन’ हा पर्याय लावायचा, म्हणजे खरवडणं वगळलं जातं आणि चांगला भाग आधी हाती लागतो. दुसऱ्या फेरीला ‘डी’ आणि ‘आर३’, म्हणजे थेट वाचन आणि तीनदा पुन्हा प्रयत्न. दोन्ही फेऱ्यांना मॅप फाइल तीच द्यायची. कार्ड मध्येच गायब झालं तर ते काढा, गार होऊ द्या, पुन्हा लावा आणि तीच कमांड द्या. काम थांबलं तिथून सुरू होतं. मात्र पुन्हा लावल्यावर डिस्कचं अक्षर बदललेलं असू शकतं. ‘एसडीबी’चं ‘एसडीसी’ झालं आणि लक्ष नसलं तर भलत्याच डिस्कची प्रत निघते. प्रत्येक वेळी डिस्कची यादी मागवून कार्ड आकारावरून ओळखायचं.

इमेज झाली की फोटोरेक. क्यूफोटोरेकमध्ये वरच्या यादीत ‘अॅड अ रॉ डिस्क इमेज’ निवडून ती फाइल दाखवायची. विभागांची यादी येते. फॅट३२ किंवा एक्सफॅटचा विभाग दिसत असेल तर तो घ्या. दिसतच नसेल किंवा आकार वेडावाकडा असेल तर ‘होल डिस्क’. फाइल सिस्टिमच्या, म्हणजे नोंदवहीच्या पद्धतीच्या, प्रश्नाला ‘एक्स्ट’ (ही लिनक्सची पद्धत) सोडून दुसरा पर्याय, कारण कॅमेऱ्याच्या कार्डावर एक्स्ट नसतंच. मग ‘फ्री’ की ‘होल’? फक्त चार फोटो डिलीट झाले आणि बाकी कार्ड ठणठणीत असेल तर ‘फ्री’, म्हणजे मोकळ्या जागेतच शोध होतो. कार्ड बिघडलेलं किंवा फॉरमॅट झालेलं असेल तर ‘होल’. बिघडलेल्या कार्डावर ‘फ्री’ निवडणं म्हणजे ज्या नोंदवहीवर आपला विश्वास नाही तिलाच कुठे शोधू म्हणून विचारणं.

फाइलींचे प्रकार निवडताना बरेच जण फसतात. सगळे प्रकार चालू ठेवले तर टेक्स्टचे फुटकळ तुकडे, अर्धवट झिप असा ढीगभर कचरा येतो, म्हणून माणूस सगळं काढून फक्त ‘जेपीजी’वर टिक करतो. आणि मग रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेले कच्चे फोटो) कुठे गेल्या म्हणून शोधत बसतो. निकॉनची एनईएफ आणि कॅननची जुनी सीआर२ या फाइली मुळात टिफच्या घराण्यातल्या, म्हणून त्या यादीत ‘टिफ’खाली लपल्या आहेत. कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांची सीआर३ व्हिडिओच्या घराण्यातली, ती ‘एमओव्ही’खाली. तेव्हा जेपीजी, टिफ आणि एमओव्ही या तिघांवर टिक हवीच; फुजीवाल्यांनी ‘आरएएफ’ही घ्यावं. काळ्या पडद्याच्या आवृत्तीत ‘एस’ दाबलं की सगळ्या टिका एकदम जातात, मग स्पेसबारने हवे ते निवडायचे आणि ‘बी’ दाबून जपून ठेवायचे. शेवटी फोटो कुठे टाकायचे ते फोल्डर दाखवायचं, आणि ते त्या कार्डावर नको, एवढं सांगायलाच हवं का? हवं, कारण तसं करणारे भेटतात.

काम संपलं की समोर येतं ते बघून नवखा घाबरतो. ‘रिकप-डिर’ नावाची फोल्डरं, १, २, ३ अशी, प्रत्येकात ५००च्या आसपास फाइली. रॉ आणि जेपीजी दोन्ही काढणाऱ्याच्या भरलेल्या ६४ जीबी कार्डात साधारण १६०० फोटो धरले तर ३२०० फाइली होतात, म्हणजे ७ फोल्डरं, आणि थंबनेल वेगळे. नावं ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा अशी. हा आकडा अगदीच निरर्थक नाही. तो फाइल सुरू होते त्या सेक्टरचा क्रमांक आहे. एक सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे ३२७६८ क्रमांकाची फाइल १६ एमबीवर सुरू होते. कॅमेरा कोऱ्या कार्डावर पुढे पुढे लिहीत जातो, त्यामुळे नावाने लावलं तरी फोटो ढोबळमानाने काढलेल्या क्रमाने लागतात. ‘टी’ने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे फोटोच्या पोटातले छोटे थंबनेल, बहुतेक १६० बाय १२० पिक्सेलचे. त्या आधी बाजूला काढा. मूळ फोटो मिळालाच नाही तर पुरावा म्हणून तेवढ्याच उरतात, म्हणून लगेच पुसू नका.

नावं परत लावायला एक्सिफटूल हे दुसरं फुकट हत्यार. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते, तिच्यावरून नाव द्यायचं. बर्स्टमध्ये एका सेकंदात आठ-दहा फोटो असतात आणि सगळ्यांचं नाव एकच होऊ पाहतं. त्यासाठी नावाच्या साच्यात टक्का, वजा, सी हे चिन्ह घातलं की पुढच्या फोटोंना १, २ असे आकडे लागतात. ते विसरलात तर पहिल्या फोटोचं नाव बदलतं आणि बाकीचे तसेच राहतात.

‘होल’ने काढलेल्या ढिगात आणखी एक गंमत असते. या शूटच्या आधीचे, केव्हाच पुसले असं समजलेले फोटोही वर येतात. मालकाला आजच्या हळदीचे फोटो हवे असतात आणि सोबत गेल्या महिन्यातलं कुणाचं तरी बारसं निघतं. आपलं जुनं कार्ड विकताना किंवा मित्राला देताना हे आठवलेलं बरं.

आता अर्धे राखाडी फोटो. वरचा भाग स्वच्छ, मध्येच एक आडवी रेघ, खाली राखाडी पट्टा किंवा भलत्याच फोटोचा तुकडा जांभळ्या-हिरव्या रंगात. याची कारणं दोन आणि ती ओळखता येतात. इमेज काढताना डीडीरेस्क्यूच्या हिशेबात न वाचलेले सेक्टर असतील तर तो भाग खरोखर गेला. जेपीजीतली माहिती एकाला एक लागून असते, मधला दुवा निसटला की पुढचं उलगडत नाही. सगळे सेक्टर वाचले असूनही असं दिसत असेल तर फाइल तुकड्यांत होती. हे होतं कॅमेऱ्यातच एकेक फोटो डिलीट करत पुढे शूट करण्याच्या सवयीमुळे: मध्ये मध्ये खड्डे पडतात, कॅमेरा नवा फोटो त्या खड्ड्यांत भरतो आणि उरलेला पुढे कुठेतरी टाकतो. फोटोरेक सरळ रेषेत वाचतं, त्यामुळे ते पहिल्या तुकड्यानंतर दुसऱ्याच्याच फोटोत शिरतं. काळ्या पडद्याच्या आवृत्तीत ‘पॅरानॉइड’ हा पर्याय ‘ब्रूट फोर्स’वर ठेवला तर ते जेपीजीचे तुकडे जुळवून बघतं. वेळ प्रचंड लागतो, पण दहा-वीस फोटो वाचू शकतात. ‘कीप करप्टेड फाइल्स’ चालू केलं की अर्धवट फाइलीही ‘बी’ने सुरू होणाऱ्या नावाने हाती येतात. पहिल्या फेरीत हे दोन्ही बंदच ठेवा.

रॉ फाइल बिघडली असेल तर ती टाकून देऊ नका. तिच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला जेपीजी असतो आणि कित्येकदा तो शाबूत असतो. एक्सिफटूल तो बाहेर काढून देतं. आणि तपासणी करताना नुसत्या छोट्या चित्रांवर भरवसा ठेवू नका. फोल्डरात दिसतं ते पुष्कळदा आतलं थंबनेल असतं. ते छान दिसतं आणि उघडल्यावर फोटो राखाडी निघतो. प्रत्येक फोटो पूर्ण उघडून बघावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण गिऱ्हाइकाला ‘सगळे मिळाले’ असं सांगण्याआधीच ते करायचं असतं.

व्हिडिओच्या बाबतीत फोटोरेक कच्चं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. मोठी फाइल तुकड्यांत असण्याची शक्यता जास्त आणि व्हिडिओची अनुक्रमणिका व मूळ माहिती वेगवेगळ्या जागी असू शकते. मग ‘एफटाइप’ आणि ‘एमडॅट’ अशा शेपट्यांच्या दोन फाइली निघतात, त्या हाताने एकामागे एक जोडाव्या लागतात. जमलं तर जमलं. कॅमेरा शूट चालू असताना बंद पडून फाइल अर्धवट राहिली असेल तर जोडूनही चालत नाही.

नोंदवही बऱ्यापैकी शाबूत असेल, म्हणजे चुकून डिलीट एवढंच झालं असेल, तर फोटोरेक हे पहिलं हत्यार नव्हेच. टेस्टडिस्कमधलं ‘अनडिलीट’ नावासकट फाइली परत देतं. बूट सेक्टर, म्हणजे नोंदवहीची माहिती देणारा पहिला सेक्टर, खराब झाल्यामुळे विंडोजला कार्ड ‘रॉ’ (इथे अर्थ अनोळखी) दिसत असेल तर त्याची दुसरी प्रत कार्डावरच असते, फॅट३२ मध्ये ६व्या सेक्टरला आणि एक्सफॅटमध्ये १२व्या सेक्टरपासून. टेस्टडिस्क ती वापरून सगळं फोल्डरांसकट समोर मांडतं. हेही इमेजवरच करा. इंटरफेस सोसत असेल तर डीएमडीई या दुसऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती उत्तम आहे. ती एका वेळी एका फोल्डरातून ४००० फाइली काढू देते, आणि कॅमेऱ्याच्या एका फोल्डराला बहुधा एवढं पुरतं. सॅनडिस्कच्या काही महागड्या कार्डांसोबत रेस्क्यूप्रो या रिकव्हरी सॉफ्टवेअरचं कूपन येतं. खोक्यातला कागद फेकण्याआधी बघा. महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक मात्र उतरवू नका. फोटो मिळवायच्या नादात लॅपटॉपवरचे उरलेलेही जातील.

काही ठिकाणी कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. कॅननच्या कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर टिक करून फॉरमॅट मारला, किंवा विंडोजवर ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढून केला (व्हिस्टापासून पुढे तो सगळीकडे शून्यं लिहितो), तर काढायला काही उरत नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. इमेज एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा, मधोमध जा, चार-पाच ठिकाणी बघा. सगळीकडे ००च दिसत असेल तर खेळ संपला, कुणालाही पैसे देऊ नका. फोनमध्ये ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडलेलं कार्ड एन्क्रिप्ट झालेलं असतं. त्या फोनबाहेर ते नुसता गोंगाट.

आणि रीडर बदलूनही कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल, किंवा ६४ जीबीचं कार्ड शून्य बाइट वा काही एमबीचं दिसत असेल, तर बहुधा आतला कंट्रोलर (कार्डाचा कारभार बघणारी चिप) गेलेला असतो. फोटो फ्लॅश चिपमध्ये आहेत, पण कंट्रोलर ते जसेच्या तसे लिहीत नाही. कुठला ब्लॉक कुठे याचा नकाशा त्याच्याकडेच असतो, वर माहिती घुसळून ठेवलेली असते. हे काम प्रयोगशाळेचं. तिथे चिप थेट वाचतात, मायक्रोएसडीचं काळं आवरण खरवडून आतल्या बारीक टोकांना तारा लावतात, आणि पीसी-३००० फ्लॅशसारख्या यंत्रणेवर कंट्रोलरचं गणित उलटं सोडवतात. दुकानात विचारायचे प्रश्न तीन. चिप तुम्ही इथे वाचता की पुढे पाठवता? काही निघालं नाही तर तपासणीचे किती घेणार? पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी आणि चार फोटो उघडून दाखवणार का? ‘सॉफ्टवेअर लावून बघतो’ असं उत्तर आलं तर कार्ड परत घ्या, ते तुम्ही घरी केलेलंच आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो नावांचा गोंधळ आणि व्हिडिओसाठी. वाचता येणाऱ्या कार्डावरचे फोटो काढायला यापेक्षा जास्त काही विकत घ्यायची गरज क्वचितच पडते.

फोटो दोन ठिकाणी उतरवून झाले की कार्डाची परीक्षा घ्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोन्ही कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. १२८ जीबी म्हणून विकलेलं कार्ड खरं ८ जीबीचं असेल तर ते इथे उघडं पडतं; अशा कार्डात ८ जीबीच्या पुढचे फोटो कधी लिहिलेच गेलेले नसतात आणि ते फोटोरेकलाच काय, कुणालाच सापडणार नाहीत. परीक्षेत एक जरी सेक्टर चुकला तर कात्रीने कार्डाचे दोन तुकडे करा, नाहीतर ते पुढच्या लग्नात बॅगेतून बाहेर येतं.